कुलूप, शेजारचं घर घेतलं

ऋतुजाला तो आकडा सकाळपासून टोचत होता. हडपसरच्या एका वस्तीत कुठल्या घराला किती पाणी मिळतं, याची पाहणी तिच्या संस्थेकडे होती. सगळ्यांना सारखं मिळालं तर विषमता शून्य, एकट्यालाच सगळं मिळालं तर एक. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या चाळीस घरांवरून आकडा आला ०.१८.

"झकास वाटप आहे की," संस्थेचे प्रमुख श्यामसुंदर सर म्हणाले. "पाण्याचा टँकर बंद करा म्हणून महापालिकेला कळवू. पाचपर्यंत अहवाल द्या."

तिला बसवेना. तिनं फॉर्म पुन्हा चाळले. नऊ फॉर्मांवर, घरोघर फिरून पाहणी करणाऱ्या ललिताच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कुलूप, शेजारचं घर घेतलं.' ललिता काही कामचुकार नव्हती. बिचारीनं उन्हातान्हात पायपीट करून चाळीस घरांचे फॉर्म भरले होते. पण कुलपं नेमकी कुणाची? ऋतुजानं स्कूटर काढली.

पहिल्या कुलपापाशी ती पाऊण तास ताटकळली. मग डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन मुक्ताई आली. नांदेडकडची, भाड्याच्या खोलीत राहणारी.

"परवा एक बाई आलती म्हणं. मी पाण्याला गेलते. शेजारणीला नळ हाय, ती असती घरी."

ऋतुजाला उलगडा झाला. ज्यांना पाणी नाही त्यांचीच दारं बंद, आणि त्यांच्या जागी उत्तरं नळवाल्यांची!

"टँकरपाशी चला ताई, समद्या तिथंच हायत. एकदम लिहून टाका."

मोह झाला. पण तिथं विचारलं तर अख्खी वस्तीच तहानलेली निघाली असती, आणि तेही खोटंच. तिनं मुक्ताईचं लिहून घेतलं, चिठ्ठीत निघालेल्या बाकीच्या सातजणींना तिच्याकरवी हाका मारून बोलावलं आणि तेवढ्यांचंच लिहिलं. नववं घर बंगला निघाला. फाटकाला कुलूप, आत कुत्रा, दोन बोअर आणि हिरवळीवर सोडलेला पाइप. हाक ऐकून बाहेर आलेल्या मालकानं खुशीनं आकडे सांगितले.

"ह्याचं नका लिहू!" रिकामी कळशी घेऊन सोबत आलेली मुक्ताई कळवळली. "ह्याच्या पाण्यापायी आमचा टँकर जाईल."

"नाही लिहिलं तर जाईल, मावशी. ह्याचं किती जास्त ते दिसलं, तरच तुमचं किती कमी ते दिसेल."

शेजाऱ्यांचे नऊ फॉर्म काढून, त्यांच्या जागी हे नऊ घालून तिनं फाटकाबाहेर बसून आकडेमोड केली. ०.४१. खात्रीसाठी पुन्हा केली आणि मग सरांना पाठवली. फोन लगेच वाजला.

"सकाळी ०.१८, आता ०.४१? आपण पाहणी करतो की मटका लावतो?"

"सर, सकाळच्या आकड्यात मधलीच घरं होती. बिनपाण्याची आणि भरपूर पाण्याची, अशी दोन्ही टोकं कुलपात राहिली."

सरांनी नवे आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "ठीक. टँकर चालू ठेवा, असं लिहितो."

ऋतुजानं आनंदानं मुक्ताईचे दोन्ही हात धरले.

"म्हंजी उद्या बी टँकर येणार?"

"येणार!"

"मंग उद्या बी मी घरी नसणार," मुक्ताई म्हणाली, आणि रिकामी कळशी उचलून निघाली.