निळ्या मिठाचा उन्हाळा

"काकू, या कूलरमधे कोनी भाड्यानं राहत होतं का जी?"

खिडकीबाहेर स्टुलावर उभ्या असलेल्या प्रशिकने कूलरची मागची ताटी ओढली आणि त्याच्या डोक्यावर वाळकं गवत, चिमणीचं मोडकं घरटं, एक प्लास्टिकचा चमचा आणि कुणाची तरी फिकुटलेली राखी, असं सगळं एकदम कोसळलं. तो खोकत खोकत हसला. मानेवाड्यातले निम्मे कूलर प्रशिकच्या हाताखालून गेलेले. मार्च लागला की त्याला जेवायला फुरसत नसे, बोलायला मात्र भरपूर असे.

"तोंडापेक्षा हात चालव जरा," वच्छलाबाई आतून म्हणाल्या. त्यांचा एक डोळा कढईतल्या भाजीवर होता आणि दुसरा फाटकावर. "काका यायच्या आत पानी फिरलं पायजे त्याच्यातून."

"शेवटी कधी चाललं होतं हे?"

"मयुरा नववीत होती तवा."

"अन् आता?"

"आता पोटुशी आहे ती. बाळंतपणाले येऊन राहिली, उद्याच्या गाडीनं."

प्रशिकने हिशेब करायचा प्रयत्न केला आणि नाद सोडला. "एवढे उन्हाळे बिना कूलरचे? नागपुरात? काहून पण?"

वच्छलाबाईंनी हातातल्या उलथन्याने हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे बोट केल्यासारखं केलं. "त्याले विचार. तो निळा बसला आहे ना महाराजावानी, त्याले."

कपाटात दगड होते. पण दगड म्हणावं तर लाज वाटावी असे. स्पेनहून आलेले पितळी फासे, जे कुणी घडवले नव्हते, खाणीतच तसे वाढले होते. मोरोक्कोचे शेंदरी षट्‌कोन. सिसिलीचं पिवळंधमक गंधक, हाताची ऊब लागली तरी तडकेल म्हणून कुणी शिवायचं नाही असं. आणि मधल्या फळीवर, एकटा, मोठ्या पेरूएवढा, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या खाणीतून आलेला मिठाचा खडा. मीठच. आपण वरणात घालतो तेच. फक्त याच्या चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन, आणि सगळ्यांत खोल कुठेतरी दौत सांडल्यासारखा निळा रंग.

वच्छलाबाईंचे यजमान रामाजी उमरेडकडच्या कोळसा खाणीत वजनकाट्यावर बाबू होते. आयुष्यभर ट्रक मोजले, काळा रंग पाहिला, आणि पगारातून उरेल ते या रंगांवर घातलं. जळगावकडच्या खाणींतले पांढरे-हिरवे स्फटिक स्वस्तात आणायचे, परदेशातल्या शौकिनांना पाठवायचे, वर थोडे पैसे घालायचे, आणि त्यांच्याकडचं काहीतरी मागवायचं, असा त्यांचा व्यवहार. हे मीठ आलं तेव्हा पार्सल तपासणाऱ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"हे काय आहे?"

"मीठ आहे जी."

"अमेरिकेहून?"

"हो."

"काहून, इथलं सरलं काय?"

ही गोष्ट रामाजी प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत.

पण मीठ ते मीठ. दमट हवा लागली की पाझरणार. पावसाळा आला की रामाजी ते सुती फडक्यात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात घालत आणि झाकणाला चिकटपट्टी मारत. हिवाळ्याच्या धुक्याचाही त्यांना भरवसा नव्हता. डबा उघडायचा तो थेट उन्हाळ्यात, हवा पापडासारखी कोरडी झाली की. सगळं नागपूर ज्या महिन्यांना शिव्या घालतं, त्या महिन्यांची हा एकटा माणूस वाट पाहायचा. आणि कूलर म्हणजे तर घरात शिरलेला पावसाळाच! म्हणून कूलर बंद. एकदा खडा आतल्या खोलीत ठेवून पाहिला होता. घर एवढंसं, हवा सगळीकडे सारखीच. त्याचा एक कोपरा साखरेच्या चघळलेल्या गोळीसारखा गुळगुळीत झाला, आणि रामाजी आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

"म्हंजे दगड मखरात अन् तुमी फरशीवर ओली चादर घेऊन?" प्रशिक म्हणाला.

"तू ताटी बसव."

त्याने वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली, बटण दाबलं. पंपाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी वाळ्यावरून झिरपू लागलं. तो वास घरात शिरला तेव्हा वच्छलाबाई कढई तशीच सोडून हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. घामाने चिकटलेला पदर त्यांनी मानेपासून सोडवला. एवढंच. डोळे मिटलेलेच होते, तोवर फाटक वाजलं.

रामाजी ऑटोतून उतरले. डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा. धरमपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते एकटेच गेले होते. हॉस्टेलच्या पोरांना रोज द्यायचे डबे सोडून वच्छलाबाईंना जाता आलं नव्हतं. पायरीवर चप्पल काढता काढता ते थांबले. कान देऊन ऐकलं.

"प्रशिक, बंद कर गा ते."

आवाज चढवला नव्हता. म्हणूनच प्रशिकने पंपाचं आणि पंख्याचं, दोन्ही बटणं एकदम बंद केली, स्टूल उचललं आणि "काकू, पैसे मंग देजा" म्हणत सटकला.

रामाजी भिंतीचा आधार घेत कपाटापाशी गेले. काच चाचपून उघडली. आतल्या खड्याला बोट नाही, रुमालाचं टोक लावून पाहिलं. कोरडं होतं.

"कोनाले विचारून लावलं?"

"कोनाले विचारायचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरगी येऊन राहिली माही. लग्न झाल्यापासून एक उन्हाळा आली नाही ती माहेरी. दिवाळीले येते, चार दिवस राहते, जाते. काहून? इथं जीव भाजते म्हनून. तिच्या सासरी एसी आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच करीन म्हनून मी भांडून घेतलं तिच्या सासूसंगं, अन् इथं आनून काय चुलीत घालू तिले?"

"मी नाही कुठं म्हनलं?"

"मंग घाला त्याले डब्यात. पावसाळ्यात घालता, तसं आता घाला. एक उन्हाळा नाही दिसला तं काय होईल?"

रामाजी खुर्चीवर बसले. चष्मा काढला. औषधाने बाहुल्या मोठाल्या झाल्या होत्या. डोळे उघडे असूनही ते कुठेच पाहत नव्हते. तेव्हा कुठे वच्छलाबाईंना सुचलं.

"डॉक्टर काय म्हनाले?"

"उजवा तं गेलाच होता. डावाही आता इंजेक्शनानं थांबत नाही म्हने. शुगरनं आतून खाल्ला." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "दिवाळीपर्यंत उजेड-अंधार कळन म्हने. पुढचा उन्हाळा... नाही."

वच्छलाबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. आत भाजी करपल्याचा वास सुटला होता. त्या उठल्या नाहीत.

"मयुराले सांगजो नको," रामाजी म्हणाले. "मोकळी होऊ दे तिले आधी."

मयुरा आली ती टरबुजासारखं पोट आणि सुजलेले पाय घेऊन. आल्या आल्या तिने नव्या ताट्या पाहिल्या आणि आनंदाने ओरडली, "आई! कूलर!" आणि मग दोघांचे चेहरे पाहून तिचा आवाज खाली आला. "ओह. शोपीस आहे का हा पण?"

दोन दिवस तिने काढले. ओल्या पंचाने मान पुसली, माठातलं पाणी डोक्यावर ओतलं, पंख्याखाली सरकत सरकत झोपली; पंखा तर भट्टीतलीच हवा घुसळत होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. वच्छलाबाई पोळ्या लाटायच्या, लाटणं ठेवून हॉलमध्ये डोकावायच्या, पुन्हा लाटायच्या. इकडे लेक, तिकडे नवरा, आणि मध्ये तो निळा. कुणाच्या बाजूने बोलावं तेच त्यांना कळेना. बोलायचं त्राणही नव्हतं म्हणा.

"बाबा, काचेच्या बरणीत ठेवा ना त्याला, हवाबंद," मयुरा म्हणाली. "टिकेल पण, दिसेल पण."

"बरणीतून मले बरणीच दिसते, बेटा."

"म्हणजे?"

"नाकाजवळ धरून उजेडात फिरवलं तरच कळते थोडं."

"हे काय कारण आहे?" मयुराने मान झटकली. "लहानपणापासून पाहून राहिली मी. या घरात पहिला नंबर कपाटाचाच. मी कधी दुसरी, कधी तिसरी."

रामाजी हसले. हसून त्यांनी खडा फडक्यात धरून पुन्हा डोळ्याशी नेला. वच्छलाबाईंच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. ते त्यांनी गिळलं, गरम घोटासारखं.

तिसऱ्या दुपारी मयुरा सापडली न्हाणीघरात. ओल्या फरशीवर पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून बसलेली, कानाला मोबाईल. "मोहित, ये तू," ती नवऱ्याला सांगत होती. "आजच ये. नाही, भांडण नाही झालं. मला गरगरून राहिलं रे. आईला वाईट वाटेल, पण घेऊन जा मला."

वच्छलाबाईंनी तिला उठवलं, लिंबूपाणी पाजलं, पलंगावर निजवलं. मग त्या माळ्यावरून स्टीलचा डबा घेऊन आल्या. कपाट उघडलं. हाताला सुती फडकं गुंडाळलं आणि खडा बाहेर काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अपेक्षेपेक्षा हलका होता. खिडकीतून आलेली तिरीप त्यातून आरपार गेली आणि त्यांच्या मनगटावर, पोळपाटाच्या पिठाने पांढुरक्या झालेल्या मनगटावर, निळसर डाग पडला. त्या बघतच राहिल्या. सवतीसारखा ज्याचा राग राग केला, तो इतका देखणा असावा याचा त्यांना आणखी राग आला.

"चांगला आहे मेला," त्या म्हणाल्या.

"हो ना?" रामाजी खुर्चीवरून म्हणाले. लहान मुलासारखे खूश झाले ते.

"डब्यात ठेवू?"

"ठेवून काय होईल?"

"राहील ना. जसाच्या तसा."

"तो राहील. मी कुठून पाहीन?" ते उठले, चाचपत आले, आणि वच्छलाबाईंच्या हातातला खडा फडक्यासकट घेऊन पुन्हा मधल्या फळीवर ठेवला. कपाटाची काच उघडीच ठेवली. "एकदम नाही विरघळत तो. मले तेवढं पुरते. जा, बटन दाब."

"अहो, पन..."

"दाब वं. पोरीची गाडी येईल तिले न्यायले."

मोहित संध्याकाळी आला तेव्हा मयुरा कूलरसमोर गाढ झोपली होती. त्याने चहा घेतला, थोडा वेळ वाऱ्यात बसला, "छान थंड आहे इथं" म्हणाला आणि एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडा घामेजला होता. वच्छलाबाईंनी त्याच्याखाली बशी ठेवली. रोज सकाळी ती बशी नळाखाली रिकामी करायची, हे एक काम वाढलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं, पाणी निळं असेल. साधंच होतं. रामाजींनी सांगितलं, तो रंग शाईसारखा मिसळलेला नसतो. मिठाच्या कणांच्या रचनेत जमिनीखाली काही बिघाड होतो, त्यातून उजेड निळा दिसतो. मीठ सुटलं की बिघाडही सुटला. "मंग उरते ते आपलं जेवनातलं," ते म्हणाले. आठवडाभरात कडा बोथटल्या. आतले चौकोन वर आले. रामाजी सकाळ-संध्याकाळ खुर्ची कपाटाला लावून बसत आणि मयुराला सांगत, "आज पहा, डावीकडे नवीन पायरी दिसून राहिली." मयुरा हं-हं करी.

एकदा तिने त्यांना चहा दिला. त्यांनी हात पुढे केला तो कपाच्या वीतभर बाजूला. हवेत बोटं मिटली.

मयुरा स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांना दिसत नाही?"

"थोडं दिसते."

"कधीपासून? मला काहून नाही सांगितलं?" तिने मनगटाने डोळे पुसले. "मी काय काय बोलली त्यांना..."

"रडू नको. पोटावर ताण येते."

त्या दिवसापासून मयुरा पंप बंद ठेवून नुसता कूलरचा पंखा लावू लागली. "मला सर्दी होते," म्हणायची. रामाजी आवाजावरून ओळखत. पण बाथरूमला जाताना बोट लांबवून पंपाचं बटण दाबून जात.

मेच्या ऐन काहिलीत मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा लुगड्याच्या झोळीत ती चिमणीएवढी दिसत होती. वच्छलाबाई डबे, डिंकाचे लाडू, शेक, लंगोट यांत अशा बुडाल्या की आपण शेवटचं कधी बसलो हे त्यांना आठवेना. पण लेक घरात होती. दुपारी मायलेकी ओळीने पहुडत, पोर झोळीत असे, तेव्हा पाठ जमिनीला टेकताच त्यांना वाटे, उठूच नये.

अशाच एका दुपारी त्या डुलकीतून जाग्या झाल्या. मयुरा झोपली होती. झोपण्याआधी तिने पंप बंद केलेला. रामाजी कपाटापाशी होते. खडा आता सुपारीपेक्षा थोडा मोठा उरला होता आणि जवळजवळ सगळा निळाच. बाहेरचा पांढरा भाग केव्हाच बशीतून वाहून गेला होता. ते नाक लावून पाहत होते. झोळीतली पोर कुरकुरली. रामाजींनी मान न वळवता हात मागे नेला, झोळीत घातला, तिची मान चाचपली.

"वच्छले," ते हळूच म्हणाले, "पंप लाव वं. लेकराले घाम येऊन राहिला."

वच्छलाबाई उठल्या. बटणावर बोट ठेवून त्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग दाबलं. पाणी ताट्यांवरून झिरपू लागलं, गार झुळूक झोळीवरून गेली, पोर गप्प झाली.

रामाजींनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.