दोन रकान्यांमधले तेरा दिवस

माझ्या मामीला, रादोय्काला, कधी भेटलात तर आधी तिचे हात बघा. मागच्या सप्टेंबरात तिला वुकाशिन झाला, दुसऱ्यांदा पोट फाडून, आणि दोन महिन्यांत ती पुन्हा शेळ्यांचं दूध काढायला बसली. मी शाळेसाठी तिच्याकडेच राहते, त्यामुळे मला सगळं माहीत असतं. झायेचार शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला काय बजावलं होतं तेही. दीड वर्ष दिवस जाता कामा नयेत, आतली शिवण पातळ आहे, जिवावर बेतेल. आणि गर्भनिरोधक गोळ्याही घ्यायच्या नाहीत, कारण तिच्या पायात एकदा रक्ताची गाठ झाली होती.

मामीचं यावर एकच उत्तर असे, "मी मोजते ना."

मोजायची वही पिठाच्या डब्यामागे असे. मामा, मिलोये, जर्मनीत ट्रक चालवतो. नाताळ करून गेला तो आता मे महिन्यात चार तारखेला येणार होता, कारण सहाला जुर्जेवदान, आमच्या घरच्या संताचा दिवस. चाळीस माणसं जेवायला. मामी गालिचे धुताना गुणगुणत होती, एवढं सांगितलं की पुरे.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी दवाखान्यातल्या सिस्टर ग्रोझ्दाना वुकाशिनचं वजन करायला आल्या. मी टेबलाशी भूगोल करत होते.

"मिलोये यायचाय वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "चेहराच सांगतोय. पण तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात, आठवतंय ना?"

"आठवतंय हो. सणाला माझा अठ्ठाविसावा दिवस येतो. पाळीच्या तोंडावर. काही भीती नाही."

"कधीपासून मोजलंस?"

"नऊ एप्रिलपासून. लिहिलंय वहीत."

मागच्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून नकाशा रंगवत बसले असते. पण हल्ली मला गप्प बसवत नाही. "नऊ नाही मामी, बावीस," मी म्हणाले.

"तू तुझ्या नद्या बघ."

"अगं, तू मला पॅड आणायला पाठवलंस तेव्हा माझा केमिस्ट्रीचा पेपर होता. बावीस तारीख. दुकानातल्या झिवोरादने पुडकं तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून दिलं, जसं काही बॉम्बच नेतेय मी. पेपरातलं विसरेन, ते नाही विसरणार."

मामीने वही काढली. नऊ एप्रिल, स्वच्छ अक्षरात. मग तिने खिडकीजवळच्या चर्चच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिली.

त्या कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला दोन तारखा असतात. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, तेरा दिवस पुढची; डावीकडे नऊ असेल तिथे उजवीकडे बावीस. आमच्या गावात उपास, सण, मिरच्यांची रोपं लावणं, सगळं डाव्या रकान्यावर चालतं. पाळी आली की मामी डावीकडची तारीख वहीत उतरवायची. आणि पुढचे दिवस मोजायची मोबाइलवर, जो बिचारा फक्त नवी तारीख जाणतो.

मी बोटांवर मोजलं. बावीसपासून मोजलं तर जुर्जेवदानला मामीचा पंधरावा दिवस येत होता.

मामी वही घेऊन खुर्चीवर बसली. "सगळं गाव हसेल मला."

इथे मला सिस्टर ग्रोझ्दानाबद्दल सांगायलाच हवं. दुसरी कुणी असती तर कपाळावर हात मारला असता. सिस्टरनी वुकाशिनला पाळण्यात ठेवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "हसू दे की. माझी धाकटी लेक याच दोन रकान्यांमधली आहे. तेवीस वर्षांची झाली."

मामी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग सिस्टरनी माझीच पेन्सिल घेतली आणि भूगोलाच्या वहीच्या मागे एक रेघ ओढली. रक्त सुरू झालं तो पहिला दिवस. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस जगतं, पण पुरुषाचं बीज बाईच्या पोटात पाच दिवसही तग धरतं. म्हणजे धोक्याचे दिवस सहाएक.

"आता मला सांग, तुझी पुढची पाळी कधी?"

"ते मला आधी कसं कळणार?"

"हेच तर," सिस्टर म्हणाल्या. वहीतले आधीचे महिने त्यांनी तपासले. सत्तावीस दिवस, मग तेहतीस, मग सत्तावीस. "तू अंगावर पाजतेस, पाळी अजून नियमित झालेली नाही. तारीख बरोबर लिहिलीस तरी एवढ्या वहीवर जीव टांगू नकोस."

मी ती रेघ बघत होते. पुस्तकात हा धडा मी पाठ केला होता, दहापैकी नऊ गुण. पण एका बाईचं शरीर दर महिन्याला इतकं काम करतं आणि वर शेळ्याही बघतं, हे मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दिसलं.

"मग तांबी?" मामीने विचारलं.

"तांबी चालेल तुला. तपासून गर्भपिशवीत बसवतील. गुरुवारी डॉक्टरीणबाई असतात, मी फोन करते."

"गुरुवारी मला डुक्कर भाजणाऱ्याशी बोलायचंय."

"तो वाट बघेल. डुक्करही बघेल."

मामी उठली आणि आमच्यासमोरच तिने मामाला फोन लावला. तो कुठल्याशा पंपावर होता, ट्रकचा आवाज येत होता. "मिलोये, ऐक. माझं मोजणं चुकलं होतं. गुरुवारी तांबी बसवून घेणार आहे. काही कारणाने नाही जमलं, तर येताना निरोध घेऊन ये. या वेळी चॉकलेटं विसरलास तरी चालेल." पलीकडे ट्रकचं दार लागल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाला, "दोन्ही आणतो." आणि हळूच विचारलं, "दुखतं का गं ते?"

"तुझ्या दातदुखीपेक्षा कमी," मामी म्हणाली.

गुरुवारी शाळा बुडवून मी तिच्याबरोबर गेले. ती आतून बाहेर आली तेव्हा चेहरा जरा पांढरा पडला होता. बसस्टँडवर आम्ही चीज भरलेलं एक गरम बुरेक दोघींत खाल्लं, पोटाला हात लावून ती थोडा वेळ बसली.

"आता येऊ दे त्याला," ती म्हणाली. "चल, सारण भरायला कोबीची पानं उकळायचीत. चाळीस माणसं आहेत."