आतला पॅड

त्या रविवारी माझ्या बाहेरच्या पॅडची जाडी आठ मिलिमीटर होती आणि आतल्याची दीड. दोन्ही पॅड एकाच खोक्यातून निघालेले, एकाच दिवशी बसवलेले. तरी एक जवळजवळ नवा आणि दुसरा संपत आलेला.

मित्रांनो, मी एका जुन्या पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक कॅलिपर आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्यावर मी चिमट्यासारखा बसलेला असतो. पायाने ब्रेक दाबला की नळीतून तेलाचा दाब येतो, माझ्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकवतो. मग मी स्वतः दोन पिनांवरून केसभर मागे सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. दोन्हीकडून सारखा दाब पडला की चाक मुकाट्याने थांबते. माझे सारे कसब त्या केसभर सरकण्यात आहे.

वितळलेल्या लोखंडातून मला ओतले, घासले, पिवळा मुलामा दिला. पहिली काही वर्षे मी असे काम केले की मी आहे याचीही कोणाला आठवण नव्हती. ब्रेकच्या नशिबी याहून मोठे कौतुक नसते.

माझे मालक आयुष्यभर दुकानांतली वजने आणि काटे तपासत आले. दुकानदार त्यांना माघारी 'काटा' म्हणत. निवृत्त झाल्यावर तपासायला दुसरे काही उरले नाही म्हणून ते गाडी तपासू लागले. गेल्या वेळी पॅड बदलायचे होते तेव्हा त्यांनी ते स्वतःच बदलले. उकिडवे बसून, जुन्या दात घासायच्या ब्रशने माझी धूळ झाडत त्यांनी मोठ्या मायेने काम केले. शेवटी दाराच्या बिजागरीला लावायचे ग्रीस माझ्या पिनांना चोपडले.

चूक तिथे झाली. माझ्या पिनांवर रबराच्या टोप्या असतात आणि त्या साध्या ग्रीसने रबर फुगते. वर्षभरात टोप्या फुगल्या, मग चिरल्या. आत पाणी गेले, गंज धरला. एक पिन अडकली, पाठोपाठ दुसरी. माझे सरकणे बंद झाले. आतला पॅड एकटा राबत राहिला आणि बाहेरचा नुसता उभा.

आता माझी तगमग समजून घ्या. डावे चाक कमी धरायचे आणि उजवे पुरते, त्यामुळे ब्रेक लागला की गाडी उजवीकडे ओढली जाई. मालकांना ते कळत होते. पण ते कोणाला बोलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताला थोडा कंप सुटला होता आणि त्यांना वाटले, गाडी नाही, आपला हातच ओढतोय. म्हणून दर रविवारी ते विजेरी घेऊन यायचे, चाकाच्या फटीतून दिसणारा बाहेरचा पॅड बघायचे आणि मान हलवायचे. पॅड जाड. म्हणजे दोष गाडीचा नाही.

मी ओरडून पाहिले. आतल्या पॅडवर एक पत्र्याची जीभ असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासते आणि किंचाळते. मालकांनी रेडिओ मोठा केला.

मागच्या सीटवर रोज त्यांची नात बसायची. एक क्षण स्वस्थ बसत नाही म्हणून घरात तिला 'मुंगी' म्हणत. तिला शाळेत सोडणे हे आजोबांचे काम. तिची आई, म्हणजे मालकांची मुलगी, दवाखान्यात परिचारिका होती. दुसऱ्यांचे थरथरणारे हात ती दिवसभर बघे, मग वडिलांचा तिच्या नजरेतून कसा सुटेल?

सकाळी ती गाडीशी येऊन उभी राहायची. "बाबा, एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"काही नाही. पेट्रोल आहे ना?"

"काल भरलंय. परवाही तू हेच विचारलंस."

"मग उद्याही विचारीन."

असे सहा महिने चालले. ती बोलेना, ते विचारेनात आणि मी तापत होतो.

मग त्या रविवारनंतरचा सोमवार आला. मुलीला सुट्टी होती, म्हणून ती पुढे शेजारी बसली होती. शाळेच्या वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मालकांनी ब्रेक दाबला. मी जीव खाऊन जोर लावला, पण जागचा हललो नाही. गाडी उजवीकडे वळली आणि विजेच्या खांबापासून वीतभर अंतरावर थांबली. मुंगीची पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली. सायकलवाला निघून गेला. त्याला कळलेही नाही.

"आजोबा, आपण खांबाला भेटायला आलो का?" मुंगीने विचारले.

"बाबा, तुमचा हात..." मुलगी म्हणाली आणि थांबली. मालकांनी हात मांडीखाली घेतला.

मुंगीला शाळेच्या दारापर्यंत पायी सोडून मुलगी परत आली. तोपर्यंत माझ्या चाकातून जळका वास येऊ लागला होता. त्या वासामुळेच ती दोघे सावकाश गॅरेजकडे वळली.

तिथल्या मिस्त्रीला सगळे 'ठकठक' म्हणत, कारण हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. त्याने चाक काढले, मला सोडवले आणि तारेने वर टांगले. नळीवर माझा भार पडू दिला नाही. जाणत्या हाताची ही पहिली खूण. पिना हलेनात तेव्हा तो स्वतःशीच हसला. मग दोन्ही पॅड त्याने मालकांच्या तळहातावर ठेवले.

"काका, तुम्ही कुठला बघत होता?"

"बाहेरचा. दर रविवारी."

"तो कामच करत नव्हता. झिजेल कशाला? राबणारा आत होता."

मालक बराच वेळ दोन्ही पॅड बोटांनी चाचपत राहिले. "जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली मी," ते म्हणाले, "आणि इथं एकाच पारड्यात बघत बसलो."

"म्हणजे बाबांच्या हाताचा दोष नव्हता?" मुलीने विचारले.

"हाताचा कसला, ताई? पिनांचा. आणि बिजागरीच्या ग्रीसचा. ते कोणा शहाण्याने लावलं?"

"त्या शहाण्याशीच बोलतोयस तू," मालक म्हणाले.

ठकठकने पिना घासून लख्ख केल्या, नव्या टोप्या घातल्या, रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस लावले. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने असले की गाडी पुन्हा ओढते. काळवंडलेले ब्रेकचे तेलही बदलले. मित्रांनो, एवढीच आमची अपेक्षा असते. वर्षातून एकदा चाक काढून दोन्ही पॅड बघा, पिना हाताने सरकवून पाहा. आणि आमच्यातला कोणी किंचाळला तर रेडिओ मोठा करू नका.

मग चाचणी झाली. गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर ठकठकने खडूची रेघ ओढली आणि म्हणाला, "काका, मी हात वर केला की दाबा. रेघेच्या आत थांबायचं."

त्याने हात वर केला. ब्रेक लागला, मी लोण्यासारखा सरकलो, दोन्ही पॅड एकदम टेकले. गाडी सुतासारखी सरळ थांबली.

"जराही ओढली नाही. एक नंबर," ठकठक म्हणाला.

मुलीने डोळे पुसले. "सुटले, बाबा. मी उगीच काहीबाही मनात आणलं. आता काळजी नाही."

मालक उतरले नाहीत. त्यांनी आरशात पाहिले. खडूची रेघ मागच्या चाकांच्याही मागे राहिली होती. मला ठाऊक होते आणि त्यांनाही. माझ्याकडून उशीर झाला नव्हता. तेलाचा दाबच माझ्यापर्यंत उशिरा पोचला होता.

त्यांनी इंजिन बंद केले. किल्ली काढली आणि खिडकीतून मुलीपुढे धरली.

"गाडी सरळ थांबली," ते म्हणाले, "पण माझा पाय उशिरा पोचला. उद्यापासून मुंगीला तू सोड. मी यापुढे गाडी चालवणार नाही."