जास्त मार्कांचा लॅपटॉप

भगवानरावांनी काउंटरवरचा काळा ठोकळा उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला.

"ही काय वीट हाय का रं?"

"चार्जर हाय, गुरुजी," दुकानदार मृत्युंजय हसला. "या मोठ्या लॅपटॉपचा."

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते. मोठ्यात डेस्कटॉपचा प्रोसेसर, लहानात मोबाइल प्रोसेसर, असं मृत्युंजयनं दोनदा सांगितलं होतं. भगवानरावांनी दोन्ही वेळा मान हलवली होती. निलंग्याजवळच्या शाळेत त्यांनी पिढ्या शिकवल्या, पण आज वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसल्यागत वाटत होतं. शेजारी ऋतुजा उभी होती. आईबाप पुण्याला कंपनीत, त्यामुळे नात लहानपणापासून आजीआजोबांपाशीच वाढलेली. आता विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला होता.

"गेम खेळायला न्हाई आबा, बनवायला पाहिजे," तिनं एसटीत बसल्यापासून बजावलं होतं.

मृत्युंजयनं दोन्ही यंत्रांवर एक चाचणी लावली. पंखे घोंघावले, पडद्यावर चित्रं धावली, शेवटी आकडे आले. मोठ्याचा आकडा बराच वर होता.

"माझं ठरंना," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही सांगा आबा. तुम्ही म्हणाल तो."

इतका वेळ न कळणाऱ्या गोष्टींमध्ये आकड्यांची एवढी एकच त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"त्यात काय अवघड? मार्क ज्याला जास्त, त्यो."

ऋतुजानं टाळीच वाजवली. मृत्युंजय सीलबंद खोका आणायला आत गेला.

भगवानराव स्टुलावर बसले. खिशातली कुंकवाची पुडी त्यांनी चाचपली. कुंकू लावून देव्हाऱ्यापुढं ठेवल्याबिगर मशीन सुरू करू देऊ नका, असं ऋतुजाच्या आजीनं, कावेरीबाईंनी, निघताना बजावलं होतं.

"आता नीट सांग बरं," ते म्हणाले. "घेतलं काय आपण?"

ऋतुजा त्यांच्यापुढं उकिडवी बसली. बोट नाचवत सांगू लागली, अगदी त्यांच्यासारखी.

"हे बघा. आपल्या विहिरीवरची मोटर कशी, लई जोर, पण लाइट हाय तिथंच चालणार. आन् पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप? जोर कमी, पण कुठल्याबी बांधावर न्या. आपण मोटर घेतली."

भगवानरावांना सगळं लख्ख समजलं.

"आन् लाइट गेली तर?"

"तासभर दम धरंल. मग बंद."

"आपल्याकडं तर रोज दुपारची जाती."

"म्हणून तर हॉस्टेलवरच ठेवायचा. तिथं जनरेटर हाय."

"सुट्टीला येशील तवा?"

ऋतुजानं केस कानामागं सारले. "सुट्टीतबी प्रोजेक्ट असत्यात आबा. बघू की."

त्यांची नजर काउंटरकडं गेली. लहान लॅपटॉप अजून काउंटरवर उघडाच होता. एवढासा, पिशवीत मावेल असा.

मृत्युंजयनं खोका आणून ठेवला, हातात कटर घेतलं.

"फोडू का गुरुजी? सील तोडलं की बदलून मिळणार न्हाई."

भगवानरावांनी तोंड उघडलं. ऋतुजा त्यांच्याकडं पाहत होती, पाटी दाखवून खुणेची वाट पाहणाऱ्या लेकरासारखी.

"आबा, बरोबर सांगितलं न्हवं मी?"

"शंभरपैकी शंभर," ते म्हणाले. मग मृत्युंजयकडं न बघता, "फोड."

चिकटपट्टी फाटली. लॅपटॉप बाहेर आला, त्यामागून ती काळी वीट. ऋतुजाचं बोट बटणापाशी जाऊन एकदम थबकलं.

"अगं बाई! आजी म्हणली होती, आधी देव्हाऱ्यापुढं..."

"लई जड हाय ते," भगवानराव म्हणाले. "कुठं नेती-आणती."

त्यांनी पुडी सोडली. लॅपटॉपच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. मग थोडं थांबून पुन्हा कुंकू घेतलं आणि चार्जरची वायर हाताला लागेल तशी ओढत तिचं टोक शोधलं. भिंतीत खोचायच्या त्या पिनेलाही त्यांनी कुंकू लावलं.