देवराईखालचा झरा

रोज सकाळी सहाला कर्ण्यावरून गावाला बातम्या सांगायचा मान गावप्रमुख म्हणून बोंग-चुलचा, आणि त्याला त्याची भारी हौस. त्या दिवशी झऱ्याच्या पाण्याचा अहवाल हातात आला होता. त्याने पहिलं पान वाचलं आणि बेटभर जाहीर केलं, की पाण्यात क्लोरोफॉर्म सापडलंय. दुसरं पान उलटायचे कष्ट कोण घेतो? वर त्याने पदरचं जोडलं, की समुद्रात खाण्याचं शेवाळ पिकवायची जाळी धुवायला चोरून अ‍ॅसिड कोण वापरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ठाऊक होतंच. दाल-सू, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, एकदा पकडला गेला होता.

धक्क्यावर बाराजण जमले. दाल-सू जाळं ओढत होता.

"दादा, मी ते कधीच सोडलंय," तो बोंग-चुलला म्हणाला.

कोणीतरी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात पडले. तो खाली कोसळल्यावर लाथा सुरू झाल्या. बोंग-चुलने नावेतली लोखंडी आकडी उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडल्याचं त्याला स्वच्छ ऐकू आलं, तरी त्याने आणखी दोनदा घातली.

तिसऱ्या दिवशी पाणी तपासणाऱ्या बाई आल्या आणि त्यांनी दुसरं पान उलटून दाखवलं. झऱ्याच्या वर देवराई. तिथली काडीसुद्धा उचलायची नाही, हा गावाचा जुना नेम. पाइनच्या पानांचा कंबरभर थर कुजतो आणि त्या मातीतच क्लोरोफॉर्म तयार होतं. तेही इतकं थोडं, की पाणी खुशाल प्यावं.

"आणि जाळी खाली समुद्रात, झरा वर डोंगरात," बाई म्हणाल्या. "अ‍ॅसिड डोंगर चढून जाईल का हो?"

त्याच दुपारी इस्पितळातून फोन आला. दाल-सूचा हात मनगटापासून काढावा लागला होता.

बोंग-चुलने कुऱ्हाड घेतली आणि तडक देवराई गाठली. पहिल्या पाइनवर त्याने घाव घातला, चीक उडाला. दुसरा घाव पडायच्या आत तेच बाराजण धावत आले. त्यांनी त्याला पाडलं, छातीवर बसले, बोटं पिरगाळून कुऱ्हाड काढून घेतली.

"देवाच्या झाडाला हात लावायचा नाही, प्रमुख," एकजण धापा टाकत म्हणाला. "वेड लागलंय का तुम्हाला?"

बोंग-चुलच्या तोंडात माती गेली होती. ती थुंकून तो म्हणाला, "परवा धक्क्यावर मला असं का नाही रे धरलंत?"

दोघंजण झाडाच्या जखमेवर माती लिंपू लागले.