बुडबुडा मधे येईना

मित्रांनो, मी जुनी आहे, लाकडाची आहे आणि माझ्या पोटात एक बुडबुडा आहे. गवंडी मला पाणसळ म्हणतात. मला भिंतीवर आडवं ठेवायचं. बुडबुडा काचेवरच्या दोन रेघांच्या मधे थांबला, की भिंत सरळ. एका बाजूला सरकला, की भिंत त्या बाजूला उंच.

मला घडवणाऱ्या कारागिराने काचेच्या नळीत पाणी भरलं आणि ती बंद करताना थेंबभर जागा मुद्दाम रिकामी सोडली. तेव्हापासून मला चैन नाही. लाकूड गप्प, काच गप्प, पाणी गप्प. बोलतो तो बुडबुडा, आणि त्याच्यात तर काहीच नाही. तरी सगळे त्या 'काही नाही'कडेच डोळे लावून बसतात. मग मी म्हणजे कोण? माझ्यात जे आहे ते, की जे नाही ते? असा विचार सुरू झाला की बुडबुडा थरथरायचा आणि माझा गवंडी म्हणायचा, "अगं, जरा दम धर."

या गवंड्याने मला एकतीस वर्षं वागवलं. शाळा, दवाखाने, जिने, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे विटांच्या प्रत्येक थरावर मी. याच्या भिंतीला बोट दाखवायला जागा नाही, असं मुकादम म्हणायचा. ते ऐकून मी फुगायचे, पण फुगायलाही माझ्यात थेंबभरच जागा. नवशिके गवंडी मात्र वाकडी वीट रचून मलाच नावं ठेवायचे. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय!

मग एकदा परांची हलली. गवंडी खाली आला, त्याचा गुडघा मोडला आणि मी दगडावर आपटले. काच वाचली, पण नळी जागच्या जागी जराशी तिरकी झाली. आता मला कितीही सरळ जागी ठेवा, बुडबुडा मधे येईना.

आम्ही दोघं घरी बसलो. गवंड्याची मुलगी फरशी बसवायची कामं घेते. तिच्याकडे भिंतीवर उजेडाची रेघ मारणारं यंत्र आहे, त्यामुळे माझी तिला गरज नव्हती. गवंडी दिवसभर या खोलीतून त्या खोलीत लंगडत फिरायचा. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवायचा आणि तासाभराने काढून टाकायचा. तिचं एका जिन्याच्या फरशीचं काम चालू होतं, तिथे नुसतं खुर्ची टाकून बघायला चला, म्हणून मुलीने किती विनवलं. तो काही हलेना.

एका दुपारी त्याने हत्यारांची फळी आवरली आणि मला फुटक्या विटांच्या घमेल्यात टाकलं.

"भिंत बांधतो तो गवंडी," तो मुलीला म्हणाला. "मी आता कोण?"

मी घाबरले. माझाही प्रश्न तोच होता. काच फुटली की आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळणार. मग मी होते, हे तरी कुणाला कळणार?

 मुलीने मला घमेल्यातून काढलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. ती रांगत होती तेव्हा गवंड्याने बांधलेला कट्टा तो. बुडबुडा दाराकडे सरकला. बघ, खोटीच आहे ती, असं गवंडी पुटपुटला. मुलीने माझी टोकं उलटसुलट केली आणि मला त्याच जागी पुन्हा ठेवलं. आता बुडबुडा उलट बाजूला, कपाटाकडे सरकला. अगदी तेवढाच.

"पाणसळ खोटी आहे, बाबा. पण कट्टा खरा आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे सारखंच चुकतंय, म्हणजे खरं बरोबर मधे. हे तुम्हीच शिकवलंत मला."

त्याने मला स्वतः उलटवून पाहिलं. एकदा, मग आणखी एकदा. त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे हिला दोनदा बघावं लागणार."

"बघू की. तुम्हाला तरी कुठे एकदा सांगून कळतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जिन्याच्या कामावर गेलो, तो खुर्चीत आणि मी त्याच्या मांडीवर.

मित्रांनो, मी कोण हे मला अजून कळलेलं नाही आणि माझी तगमगही थांबलेली नाही. पण घरातलं कुणी किंवा काही बिघडलेलं दिसलं, तर घमेल्यात टाकण्याआधी फिरवून पुन्हा एकदा बघा. एवढं माझं ऐका.

काल शेवटच्या पायरीवर गवंड्याने मला ठेवलं. बुडबुडा नेहमीसारखा थरथरला. त्याने माझ्यावर हात ठेवला.

"अगं, जरा दम धर," तो म्हणाला. "मी आहे."