धुणीघर बंद झालं ते साल

हिशेब केला तर गॅव्हिन पुलरचा फायदा तेवीस कप चहाचा होता.

डंडी शहराच्या टेकडीवरच्या आमच्या बालरॉसी उपनगराचा इतिहास आणि सोयीसुविधा यांची पुस्तिका काढायचं समितीत ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी हात त्याचा वर गेला. ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, बोलिंगची हिरवळ, आता गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात कोपरा धरून बसलेलं पोस्ट अशा जागा एकूण तेवीस. प्रत्येकीसाठी एक जुनं माणूस गाठायचं आणि बोलतं करायचं. बायको गेल्यापासून त्याच्याशी आठवड्याकाठी दोघंच बोलायचे, बसचा ड्रायव्हर आणि मी. त्यातली मी टाळणारी. मी समितीची चिटणीस, त्याच्याच जिन्यात पहिल्या मजल्यावर राहते. तो तिसऱ्यावर.

चहा मिळाले चार. बाकीच्यांनी "ईमेल करा ना, मास्तर" म्हणून दार लोटलं.

पण चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस तो, इथल्या लोकांचा स्वभाव त्याला पाठ. चांगल्या कामाबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही. चूक दाखवायची असेल तर भर वाऱ्यात टेकडी चढून येतील. म्हणून त्याने पुस्तिकेत मुद्दाम तीन चुका पेरल्या आणि शेवटी छापलं, 'चुका आढळल्यास समक्ष कळवाव्यात', खाली स्वतःचा पत्ता. सगळ्यात ढळढळीत चूक सार्वजनिक धुणीघराची. ते बंद झालं १९७२ साली. त्याने लिहिलं १९६२.

छपाईआधी मजकूर माझ्याकडे आला. माझी आई शेवटपर्यंत तिथे कपडे धूत होती. चूक मला दिसली. पण सांगायचं म्हणजे दोन मजले चढायचे आणि तासभर बसायचं. मी सही करून टाकली.

पुस्तिका घरोघर गेली. गॅव्हिनने बिस्किटं आणली, दुसरा कप धुऊन ठेवला. खालचं दार वाजलं की कठड्यावरून डोकावायचा.

"कोण आलं होतं गं?"

"मीटर बघणारा."

"पुस्तिका वाचलीय का त्याने?"

वाचली ती समोरच्या इमारतीतल्या विल्मा क्रॉलने. वय एक्याऐंशी. तिची मुलगी लॉर्ना जन्मली एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत. धुणीघरात चादरी उकळत असताना विल्माला कळा सुरू झाल्या. बायकांनी कपडे वाहायच्या बाबागाडीतलं ओलं धुणं जमिनीवर ओतलं, हिला आत कोंबलं आणि इस्पितळापर्यंत ढकलत नेलं. ही गोष्ट लॉर्नाच्या दर वाढदिवसाला व्हायचीच. यंदा लॉर्ना तासाभरावरच्या पर्थहून आली आणि टेबलावरची पुस्तिका उचलून बसली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"आई, धुणीघर बासष्टात बंद झालं. मी एकाहत्तरची."

"मग तुला काय मी बोलिंगच्या हिरवळीवर उचलली?"

"हे बघ, छापलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्माने कोट चढवला, पुस्तिका घेतली आणि गॅव्हिनला झापायला निघाली. गुडघ्यांनी पहिल्याच मजल्यावर दगा दिला. ती माझ्या दाराशी पायरीवर बसून राहिली. मी बाहेर गेलेली. पोस्टमनला सापडली.

"कुठे निघालात, क्रॉलबाई?"

"वर. धुणीघर उघडं होतं म्हणून सांगायला."

पोस्टमनने लॉर्नाला फोन केला. आधीच दोनदा विल्माकडून गॅस चालू राहिला होता. लॉर्ना मनात मोजत होतीच. हे तिसरं. महिन्याभरात विल्मा समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात गेली आणि तिच्या खिडकीत विक्रीची पाटी लागली.

गॅव्हिनला हे मी सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला.

"म्हणजे... ती माझ्याकडे येत होती?"

मग तो खाली बसला.

त्याने लॉर्नाला फोन लावला. "चूक माझी आहे. मुद्दाम केलेली."

"मास्तर, आईसाठी तुमचा जीव तुटतोय, कळतं मला. पण मुद्दाम चूक कोण छापतं? शिवाय चिटणीसबाईंनी तपासलंय की."

तू तरी सांग, म्हणून तो माझ्या दारात उभा राहिला. सांगते म्हटलं. सांगितलंही, पण घर विकून झाल्यावर.

गुरुवारी तो दुरुस्तीचा छापील कागद घेऊन वृद्धाश्रमात गेला. विल्माने चष्मा लावून तो वाचला, घडी करून त्याच्या हातात परत दिला.

"राहू दे रे गॅव्हिन. पुस्तकात बासष्ट आहे ना? माझाच घोळ होत असणार. लॉर्ना घरीच झाली असेल."

"विल्मा, अगं, बाबागाडी होती!"

"कसली?" असं म्हणून तिने नर्सला हाक मारली. "ह्या पाहुण्यांना चहा आण गं."

तेव्हापासून गॅव्हिन दर गुरुवारी जातो. एक कप मिळतो, बिस्किटासकट. माझा एक तास वाचला. दोन्हीची किंमत भरली विल्मा क्रॉलने.